लुगड्याच्या पट्ट्याची दोन टोकं

आमच्या घरात मोठ्या दिरासमोर धाकट्याच्या बायकोने तोंड वर करून बोलायचं नाही. कुणी भिंतीवर लिहून ठेवलेलं नाही, पण आहे. भावोजी ओटीवर असले की मी माजघरातून बोलणार, आणि तेही सासूबाईंना उद्देशून. "आई, भावोजींना म्हणावं चहा झालाय." भावोजी मधल्या कुडाच्या भिंतीपलीकडे हातभर अंतरावर बसलेले असतात, त्यांना सगळं ऐकू जातं. तरी सासूबाई पुन्हा सांगणार, "चहा झालाय रे." मग ते म्हणणार, "आणू दे." नवी नवरी होते तेव्हा मला या प्रकाराचं हसू यायचं. माझं तोंड तसं तिखट. माहेरी डोळखांबला भाऊसुद्धा मला वचकून असायचे. सासरी आल्यावर तो सगळा तिखटपणा चुलीपुढेच जिरवायला शिकले. या एका रीतीपायी माझं फुफ्फुस दुसऱ्यांदा चिरायची पाळी आली होती, ते सांगते.

आमचं गाव मुरबाड तालुक्यातलं, सरळगावहून किन्हवलीला जाणारा रस्ता सोडून आत. घरात माणसं चारच. सासूबाई, भावोजी, माझा नवरा आणि मी. जाऊबाई कावीळ होऊन गेल्या त्याला बरीच वर्षं झाली. माझी लेक लग्न होऊन वाड्याला असते. नवरा मुरबाडच्या एमआयडीसीत शिफ्टला जातो, शेती भावोजी बघतात. सासरे लवकर गेले, तेव्हा नवरा अजून शाळेत होता. भावोजींनी आपली शाळा सोडून त्याला वाढवला. त्यामुळे नवऱ्याला दादाचा शब्द म्हणजे शेवटचा. त्याच्या कंपनीत तो युनियनचा माणूस आहे, साहेबाशी हुज्जत घालतो म्हणे. घरात मात्र दादा म्हणाला रात्र, तर हा दिवा लावायला उठेल.

दोन वर्षांपूर्वी भावोजींचं बायपास झालं. छातीचं हाड मधोमध करवतीने कापलं, आणि काम झाल्यावर तारांनी शिवलं. गळ्याखालपासून पोटाच्या वरपर्यंत सरळ रेघ. पुरुषमाणूस, उघडा बसतो, ती रेघ आम्ही सगळ्यांनी पाहिलेली. ते बरे झाले आणि गावाचे अर्धे डॉक्टर झाले. कुणाच्या छातीत कळ आली की त्यांच्याकडे येणार, आणि हे ओटीवर बसून सांगणार, हात असे धर, कुशीवर असा वळू नको, खोकताना उशी अशी दाब. खोटं नाही बोलायची मी, सांगायचेही मन लावून.

माझं दुखणं लावणीत सुरू झालं. ताप, खोकला, उजव्या कुशीत टोचायचं. लावणी टाकून दवाखान्यात कोण जातं? मी अंगावर काढलं. छातीत पाणी झालं, पाण्याचा पू झाला, पू काढायला नळी घातली तरी भागेना. पुवाची जाड साल फुफ्फुसावर धरली होती, ते आतल्या आत आवळून बसलं होतं. गणपती घरोघर बसले तेव्हा मी मुंबईच्या एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात टेबलावर होते. मला मधोमध नाही चिरलं. उजव्या खांद्याच्या पात्याखालून सुरू करून, बगलेखालून वळवून, पुढे स्तनाच्या खालपर्यंत चिरलं. दोन बरगड्यांच्या फटीतून आत शिरले, आणि फणसाची काटेरी चारखंडं सोलावी तशी ती साल सोलून काढली. दुखत किती होतं ते सांगत बसत नाही. श्वास घेणं ही काही करायची गोष्ट आहे, हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं.

नवरात्रात घरी आले. गावात सगळ्यांना एवढंच कळलं होतं की हिच्या छातीचं ऑपरेशन झालंय. कुठे, कसं, हे कोण विचारणार? बाईच्या अंगाची गोष्ट. नवऱ्याने भावाला सांगितली नाही, भावाने विचारली नाही. इथेच सगळी गोम होती, पण तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

सासूबाईंनी गावातल्या किती बाळंतिणी उठवल्या असतील त्यांचं त्यांना ठाऊक. त्यांच्या लेखी अंग उलून आलेली बाई म्हणजे बाळंतीणच. माझी खाट माजघरात अंधाऱ्या बाजूला टाकली. उठायचं नाही, जास्त बोलायचं नाही, गार पाण्यात हात घालायचा नाही. आपल्या जुन्या लुगड्याची लांब पट्टी फाडली आणि छातीच्या खाली, बरगड्यांवर, करकचून बांधली. "आतलं सगळं हललंय तुझं, जागच्या जागी बसूंदे," म्हणाल्या. मग शेगडीत ओवा टाकून धुरी द्यायला निघाल्या. धूर कुडावरून ओटीवर गेला मात्र, भावोजी गरजले. "आई, धूर बंद कर. छाती चिरलेल्या माणसाला धूर? मारतेस का तिला?" सासूबाईंनी शेगडी उचलली आणि पुटपुटत परसात गेल्या. मला हायसं वाटलं.

"आणि पट्टा?" मी सासूबाई परत आल्यावर हळूच म्हटलं. "काढू का? दम कोंडतो."

"आई, तिला सांग, पट्टा काढायचा नाय," पलीकडून उत्तर आलं. "मला पण दिला होता. हाड जुळेपर्यंत बांधायचाच."

हॉस्पिटलातून एक यंत्र दिलं होतं. प्लॅस्टिकचे तीन उभे कप्पे, त्यात तीन गोळ्या, आणि तोंडात धरायची नळी. तिथल्या मुलीने घाईघाईत हिंदीत समजावलं होतं, मी तेव्हा दुखण्याने अर्धी झोपेत. घरी आल्यावर मी ती नळी तोंडात धरली आणि फुंकलं. जन्म गेला फुंकणीने चूल पेटवण्यात, नळी तोंडाशी आली की दुसरं काय सुचणार? गोळ्या ढिम्म. आणखी जोरात फुंकलं, कुशीत सुरी फिरली. सासूबाई म्हणाल्या, बिघडलेलं दिलंय मेल्यांनी. ओटीवरून भावोजी म्हणाले, "आई, मला आवाज येतोय. तिला म्हणावं, फुंकायचं नाय गो बाय, आत ओढायचं. चिंचेचं सार ओढतात तसं." मी ओढलं. पहिली गोळी जराशी उचलली. तुम्हाला सांगते, त्या क्षणी मला भावोजी देव वाटले.

धुराचं त्यांचं बरोबर, यंत्राचं बरोबर. मग बाकीचं चूक असेल असं कुणाला वाटणार? ते रोज सकाळी भाकरी खाऊन कुडाला पाठ लावून बसायचे आणि पलीकडून मला सांगायचे. हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. कुशीवर निजायचं नाही, उताणंच निजायचं. उशी छातीच्या मधोमध घट्ट धरून खोकायचं. जेवढं कमी हलशील तेवढं लवकर सांधेल. मी सगळं ऐकलं. केस सासूबाईंनी विंचरायचे, चोळी त्यांनीच चढवायची. उजवा हात मी पोटाशी धरून ठेवला, पंख मोडलेली कोंबडी धरते तसा.

आणि माझा श्वास काही वाढेना. पहिली गोळी उचलायची, दुसरी हलायची सुद्धा नाही. न्हाणीपर्यंत गेले की दम लागायचा. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं. उशी मधोमध दाबून खोकले की कुशीतली शिवण उलते की काय असं वाटायचं, कफ मात्र सुटायचा नाही. उजवा खांदा लाकडासारखा झाला. मी सासूबाईंना म्हटलं, "आई, मला बरं नाय वाटत." पलीकडून भावोजी म्हणाले, "मला पण असंच व्हायचं. धीर धर." मी धीर धरला. चिडचिड आतल्या आत इतकी व्हायची की वाटायचं, उठून ते यंत्र चुलीत घालावं.

दिवाळीच्या तोंडावर शहापूरला दाखवायला गेलो, नवरा आणि मी. तिथे एका दवाखान्यात आठवड्यातून एकदा छातीचे डॉक्टर येतात. एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो संगणकावर बराच वेळ पाहिला, माझ्याकडे बघितलंच नाही. तेव्हाच मी ओळखलं.

"खालचा भाग अजून बंद आहे," ते म्हणाले. "साल काढली, जागा मोकळी केली, पण फुफ्फुस फुगून ती जागा भरत नाहीये. तिथे परत पाणी साठायला लागलंय."

"मग?" नवऱ्याने विचारलं.

"तुळशीचं लग्न झालं की परत फोटो काढू. तोवर उघडलं तर उत्तम. नाही उघडलं तर मुंबईला परत पाठवावं लागेल, परत उघडून बघतील. कदाचित तो खालचा तुकडाच काढावा लागेल."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. परत ते टेबल, परत ती नळी, हा विचारच माझ्याने होईना. मी तिथल्या तिथे ठरवलं, परत चिरून घ्यायचं नाही, त्यापेक्षा मेलेलं बरं. ठरवलं खरं, पण मरायचीही भीती वाटत होती.

डॉक्टरांनी शेजारच्या खोलीत व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमकडे पाठवलं. तरणी पोर, पण नजर बारीक. म्हणाली, "मावशी, उजवा हात वर करा." मी केला, छातीपर्यंत जाऊन अडकला. पदराखालून हात घालून तिने पट्टा चाचपला आणि म्हणाली, "हे काय बांधलंय? आणि हात असा का धरलाय? कुणी सांगितलं?"

 नवरा म्हणाला, "आमच्या दादाने. त्याचं बायपास झालंय, त्याला सगळं ठाऊक आहे."

मॅडम चिडली नाही. खुर्ची ओढून बसली आणि समजावलं. दादांचं हाड मधोमध कापलेलं. ते जुळेपर्यंत हात ताणले की हाडावर ओढ येते, म्हणून त्यांना जपायला सांगितलं, तेही काही आठवडे. माझं हाड कापलेलंच नाही. माझं मांस आणि बरगड्यांमधले स्नायू कापलेत, ते न हलवता ठेवले की आखडतात. बरगड्यांच्या खाली श्वासाचा पडदा असतो, दुखण्याच्या भीतीने तो उजवीकडे गप्प बसलाय. त्यावर पट्टा आवळला, म्हणजे त्याला बाहेरून कडी लावून कोंडलं. हात वर न्यायचा, रोज. डाव्या कुशीवर निजायचं, म्हणजे उजवं फुफ्फुस वर राहून उघडेल. उशी कुशीवर दाबून खोकायचं, मधोमध नाही. आणि चालायचं.

मग तिने तीच लुगड्याची पट्टी सैल केली, खालच्या बरगड्यांभोवती एक वेढा दिला आणि दोन्ही टोकं आपल्या हातात सैलसर धरली. "आता श्वास असा घ्या की माझ्या हातातली टोकं आत ओढली जातील. खांदे उचलायचे नाहीत. इथे, खाली." मी घेतला. ती म्हणाली, "नाही आलं." परत घेतला. "नाही आलं." घाम फुटला मला. "घरी कुणीतरी टोकं धरायला हवं," ती म्हणाली. "तुम्हाला वाटेल आलं, पण आलेलं नसतं. धरणाऱ्याला बरोबर कळतं. आणि पुढच्या वेळी दादांना घेऊन या. त्यांनाही बघते."

परतीच्या एसटीत किन्हवली आली तेव्हा नवऱ्याने तोंड उघडलं. म्हणाला, "दादाला मी कसं सांगू? त्याला किती लागेल. इतक्या मायेने सांगतो तो."

"आणि मला लागत नाय?" मी म्हटलं. एसटीतली माणसं वळून बघायला लागली, तशी मी खिडकीकडे तोंड केलं. संताप असा झाला होता की रडू येत होतं. या माणसाला दादाचं मन दिसत होतं आणि माझं फुफ्फुस दिसत नव्हतं.

त्याने सांगितलं नाहीच. मग मी चोरून करायला लागले. पट्टा भावोजींसमोरून जाताना बांधलेला, ते शेतावर गेले की सैल. दिवाळी तोंडावर, भाताची कापणी जोरात, त्यामुळे ते बराच वेळ बाहेर असायचे. सासूबाईंना मी हळूच सगळं समजावलं आणि पट्टीची टोकं धरायला बसवलं. म्हातारी दोन श्वासांत घोरायला लागायची. "आलं का, आई?" म्हटलं की दचकून म्हणायची, "आलं, आलं, कोण आलं?" हसू यायचं, आणि हसलं की कुशीत कळ. नवरा असला की धरायचा, पण तो काहीही केलं तरी "आलं" म्हणायचा, मला बरं वाटावं म्हणून. असल्या मायेला काय चाटायचंय?

एका दुपारी मी परसातल्या दोरीवर ओला पंचा टाकत होते. मॅडमने सांगितलं होतं, भिंतीवर बोटं चढवत न्या, नाहीतर दोरीवर कपडे वाळत घाला. उजवा हात कण्हत कण्हत वर नेला होता, आणि मागून भावोजींचा आवाज आला.

"बाय, मरायचंय का तुला?"

ते कापणीवरून पाणी प्यायला परत आले होते. मी कधी त्यांना इतकं चिडलेलं पाहिलं नव्हतं. चेहरा पांढराफटक. "सांगून सांगून माझं तोंड दुखलं. तारा सुटल्या तर काय करशील? आई, बघ ही काय करते. माझ्या डोळ्यांदेखत एक बाई या घरातनं गेली, आता ही जायला निघाली."

पंचा माझ्या हातातून पडला. इतक्या वर्षांत जे केलं नव्हतं ते मी केलं. वळले, आणि त्यांच्या तोंडाकडे बघून बोलले.

"भावोजी, माझ्यात तारा नायत. मला मधनं नाय चिरलंय."

ते थांबले. "मग?"

आता हे कसं सांगायचं?  सासूबाई दाराशी आल्या होत्या. मी सरळ त्यांच्यापाशी गेले, त्यांना पाठमोरं उभं केलं आणि त्यांच्या लुगड्यावरून बोट फिरवलं. खांद्याच्या पात्याखालून सुरू केलं, बगलेखालून वळवलं, पुढे आणलं. "इथनं, असं, इथपर्यंत." सासूबाईंना गुदगुल्या झाल्या, त्या अंग चोरायला लागल्या, पण मी सोडलं नाही. मग एका दमात सगळं बोलले. दम कसला, तीन ठिकाणी तुटला. पट्ट्याचं, हाताचं, कुशीचं, एक्स-रेचं. "तुळशीच्या लग्नानंतर फोटो काढणार आहेत. उघडलं नाय तर मला परत चिरणार आहेत, भावोजी. तुकडा काढणार आहेत. मला परत नाय चिरून घ्यायचं."

 भावोजी तांब्यातलं पाणी तसंच ठेवून शेतावर निघून गेले. रात्री जेवायला बसले आणि अर्ध्या भाकरीवर उठले. नवऱ्याने माझ्याकडे असं बघितलं, जशी काही मी घराला आग लावली. मला भीती वाटली, वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं मोकळंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माजघरात कुडाला टेकून बसले होते. पट्टीचा वेढा घेतलेला, आणि टोकं सासूबाईंच्या हातात. त्यांचे डोळे मिटायला लागले होते. तेवढ्यात ओटीवरून भावोजी म्हणाले, "आई, ती टोकं इकडे दे."

ते उंबऱ्याच्या पलीकडे, कुडाला पाठ लावून बसले होते. माझी पाठ कुडाच्या अलीकडे. ना त्यांनी मला बघायचं, ना मी त्यांना. सासूबाईंनी टोकं दारातून त्यांच्या हातात दिली. मी श्वास घेतला.

"नाय आलं," भावोजी म्हणाले.

परत घेतला.

"नाय आलं. खांद्यातनं घेतेस तू. खाली घे."

त्या दिवशी एकदाही आलं नाही. त्यांनी एकदाही खोटं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. मला राग यायचा, वाटायचं, एकदा म्हणायला काय जातं या माणसाचं? पण त्या रागातच मी नेट लावायचे. ते रोज कापणीला जायच्या आधी आणि आल्यावर बसायचे. खळ्यावर झोडणी सुरू झाली तेव्हा धूळ माझ्याकडे येऊ नये म्हणून त्यांनी खळं दूर, ओढ्याकडच्या बाजूला केलं. लोक हसले. भावोजी आपलं करत राहिले.

भाऊबीजेला माझा भाऊ डोळखांबहून आला होता, तो ओटीवर बसून हे सगळं बघत होता. मी श्वास घेतला. 

"परत घे," भावोजी म्हणाले.

घेतला.

"जरा आलं."

"खरं?" मी कुडातून विचारलं, मध्ये सासूबाई न ठेवता.

"खोटं कशाला सांगू? जरासंच आलं. परत घे."

मी तोंडात पदर धरून रडले. भावाला काही समजेना.

तुळशीचं लग्न लागलं. उसाची कांडी खाताना सुद्धा माझ्या डोक्यात एकच चालू होतं. दुसरी गोळी आता उचलत होती, तिसरी थरथरायची. हात डोक्यावर जायला लागला होता, केस मी माझे मीच बांधत होते. पण आतलं कुणी बघितलंय? रात्र रात्र डाव्या कुशीवर पडून मी कुडाकडे बघत राहायचे. उघडलं असेल का? नसेल तर सांगताना डॉक्टर माझ्याकडे बघतील का?

शहापूरला आम्ही तिघं गेलो. एक्स-रे काढून बाकावर बसलो. भावोजी आमच्यापासून जरा लांब, खांबाला टेकून उभे. बसायला सांगितलं तर बसेनात. नवरा सारखा उठून दाराशी जायचा. माझं नाव पुकारलं तेव्हा नवऱ्याने दंडाला धरून आत नेलं.

डॉक्टरांनी संगणकावर आधीचा फोटो आणि आताचा शेजारी शेजारी लावले. बघत राहिले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि मला तिथेच कळलं.

"उघडलंय," ते म्हणाले. "अगदी कोपऱ्यात थोडंसं राहिलंय, ते होईल. परत चिरायचं काम नाही."

मी तिथे हुंदका देऊन रडले, लाज वाटली नाही. नवऱ्याने बाहेर जाऊन सांगितलं असावं. मी आले तेव्हा भावोजी बाकावर बसले होते, खाली मान घालून, पंच्याने तोंड पुसत.

व्यायामाच्या खोलीत मॅडमने मला तपासलं, खूश झाली. मग दाराकडे बघून म्हणाली, "दादा, तुम्ही या आत. शर्ट काढा, बघू. आता हात वर करा."

भावोजींनी दोन्ही हात वर केले. खांद्यापर्यंत आले आणि थांबले.

"पूर्ण."

"एवढंच जातात."

"दुखतं?"

"नाय."

"मग?"

त्यांनी हात खाली घेतले. नवरा म्हणाला, "तो अजून उशी धरून निजतो. उताणा." ते मला माहीत होतं, सगळ्या घराला माहीत होतं. आम्हाला वाटायचं, ती त्यांची सवय.

"दादा, हाड केव्हाच जुळलंय तुमचं," मॅडम म्हणाली. "दोन वर्षं झाली. उशी तर दीड-दोन महिन्यांपुरती होती."

"सांगितलं होतं त्यांनी," भावोजी हळू म्हणाले. "पण तारा सुटल्या तर? कोण सांगणार?"

मी भिंतीकडे तोंड करून उभी होते, रीतीप्रमाणे. तरी वळून बघितलं. गावाला छातीचं ज्ञान देणारा हा माणूस, दोन वर्षं स्वतःला मोडक्या काचेसारखा धरून बसला होता. खांदे वर चढवून, गळ्यातून श्वास घेत होता. मॅडमने बोट ठेवून दाखवलं, तेव्हा आम्हाला दिसलं. मला जे जे सांगितलं, ते त्यांनी भीतीपोटी सांगितलं होतं, आणि ती भीती आधी स्वतः रोज गिळत होते. माझा उरलासुरला राग तिथे संपला. 

 परतीच्या एसटीत भावोजी पुढे बसले होते, हात मांडीवर जुळवून.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी झाल्यावर भावोजी नेहमीप्रमाणे कुडाला पाठ लावून बसले आणि टोकांसाठी हात मागे केला. मी पट्टी घेतली, गुंडाळी केली आणि दारातून त्यांच्याकडे सरकवली.

"भावोजी, वेढा तुमी घ्या. टोकं मी धरते."

"मला काय झालंय?"

"खालच्या बरगड्यांवर घ्या. सैल."

 सासूबाई चुलीपुढे हात थांबवून बसल्या. मग कापडाची सळसळ झाली आणि टोकं उंबऱ्यावरून माझ्याकडे आली. मी बोटांत धरली. जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड. पलीकडे त्यांनी श्वास घेतला. टोकं जागची हलली नाहीत.

"नाय आलं," मी म्हटलं.

परत घेतला.

"नाय आलं, भावोजी. खांद्यातनं घेताय तुमी."

"आई," भावोजी म्हणाले, "ही माझाच सूड घेते बघ." आणि ते हसायला लागले. आधी बारीक, मग मोठ्याने. जाऊबाई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना ऐकलं नव्हतं. हसून हसून त्यांना दम लागला, थांबले, आणि त्यांनी एक मोठा श्वास आत ओढला. तेव्हा कापड माझ्या बोटांतून सरसरत उंबऱ्यापलीकडे गेलं.

"आलं," मी म्हटलं. "परत घ्या."